उशीर

माझ्या हजेरीपटात जिवली वरठा, आठवी ब,
जून ते सप्टेंबर, एकवीस वेळा उशिरा.
दर उशिराला मैदानाच्या दोन फेऱ्या.
ती धावायची. धापसुद्धा लागायची नाही.
मला वाटायचं, शिक्षा कमी पडतेय.

आरोग्यपत्रकात मीच लिहिलं होतं लाल पेनाने:
कृश.
गणवेश अपूर्ण. पांढरे बूट नाहीत.
बुटांपायी निवडचाचणीला तिला बसवून ठेवलं
पाण्याच्या टाकीपाशी, सगळ्यांच्या वॉटरबॅगा राखायला,
आणि पंधराशे मीटरला नेली कारखानीसांची श्रेया,
जी तिसऱ्या फेरीत ओकली.

मग परिपत्रक आलं आमच्या संघटनेचं:
स्थानिक आदिवासींशी सलोखा,
शारीरिक शिक्षणाच्या माध्यमातून.
एक खेळ शोधा. नियम लिहा. गुणदान तक्ता जोडा.
सभेत प्रत्येकी तीन मिनिटं.

म्हणून गेलो येऊरला.
स्कूटर चेकनाक्यावर लावली, पुढे पायी.
पाड्यावर पोचेस्तोवर गुडघे बोलायला लागले,
वीस वर्षं दुसऱ्यांचे गुडघे वर करायला लावणाऱ्याचे.
जिवली म्हणाली, उतरायला पाऊण तास लागतो सर.
वाटेत बिबट्या बसला असला तर
तो उठेपर्यंत.

हजेरीपटात बिबट्याचा रकाना नाही.

तिची मावशी चंदरी टोपलीत कंटोळी भरत होती,
वर्तकनगरच्या बाजारात न्यायला.
शाळा कुठली? टाकीजवळची?
तिथं आमचा खला व्हता, ती म्हणाली,
माझ्या आज्याचा. तुमची ती चुन्याची रेघ जाते ना,
तिच्यावरनं बैल फिरत.

मी खिशातलं परिपत्रक चाचपलं.
म्हटलं, सलोख्यासाठी आलोय.
ती हसली नाही, रागावलीही नाही.
सलोख्याला आधी भांडान लागतं, मास्तर.
आमी भांडलोच नाय.
तुमी आलात, आमी वर सरकलो.
आणि मला पानात बांधून कंटोळी दिली, पाव किलो.
पैसे घेतले. बरं वाटलं.

तलावपाळीजवळच्या शाळेत सभा.
कुणी तारप्याचं चित्र भिंतीवर लावलेलं,
कुणी गोफणीला नेमबाजीचे गुण दिलेले दहापैकी.
माझ्या कागदावर नियम नव्हते.
मी एकवीस उशीर वाचले, तारखांसकट,
मग टाकी, मग खळं.
घंटी वाजली. अध्यक्षांनी विचारलं,
पण यात खेळ कुठला?

मागून तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या.
मेंगाळ मॅडम, शहापूरकडच्या आश्रमशाळेच्या.
दर सभेला चहाची कुपनं त्याच वाटतात,
मी त्यांना फक्त तेवढंच ओळखत होतो.
म्हणाल्या, बारा वर्षं येतेय इथे.
मी ठाकूर. ह्यांची ती पोरगी वारली.
आमचे खेळही एक नाहीत, तुमच्या कागदावर एकच शब्द आहे.
मला कोणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही. कुपनं वाटली.

हॉलमध्ये पंखा तेवढा ऐकू येत होता.
अध्यक्ष म्हणाले, छान, मग मॅडम,
तुम्हीच नियम लिहून द्या, पुढच्या गुरुवारपर्यंत.

लिहून नाही देणार, त्या म्हणाल्या.
या खेळायला. रविवारी, सातला.
आसनगावहून जीप मिळते, नाही मिळाली तर चाला.
आणि पिशवीतून वही काढून
आमची नावं घ्यायला लागल्या, एकेकाचं,
आडनावाच्या स्पेलिंगसकट विचारून.

माझ्यापाशी आल्या तेव्हा थांबल्या.
पेन तसंच धरून म्हणाल्या,
उशीर झाला तर दोन फेऱ्या, सर.
मैदान मोठं आहे आमचं.